पिकअपच्या हिचवर सायकल रॅक निवडताना आधी फाळका मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे चार दारांची, आखूड हौद्याची पिकअप आहे आणि तिच्या मागे कारखान्यातूनच बसवून आलेला दोन इंची हिच रिसीव्हर, म्हणजे ट्रेलरचा किंवा रॅकचा दांडा ज्यात बसतो ती चौकोनी नळी आहे. दोन सायकली न्यायच्या आहेत: एक साधी माउंटन बाइक, दुसरी सुमारे २८ किलोची ई-बाइक, आणि पहिलीच्या जागीही लवकरच ई-बाइक येण्याची शक्यता आहे. रॅक लावलेला असतानाही फाळका उघडून हौद्यातले सामान काढता आले पाहिजे, ही आपली अट आहे. जुन्या मोटारीचा, सव्वा इंची दांड्याचा, सायकली टांगायचा रॅक घरात पडून आहे, तो मधे नळी घालून वापरता येईल का, हेही आपण विचारले आहे. शिवाय फाळक्यावर टाकायची गादी घेतली की काम भागते, असे आपल्या मित्राचे म्हणणे आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्याला दोन इंची दांड्याचा, सायकली चाकांवर उभ्या धरणारा, भरलेल्या अवस्थेत मागे झुकवता येणारा आणि प्रत्येक सायकलीला किमान ३० ते ३५ किलोची परवानगी असलेला, दोन सायकलींचाच प्लॅटफॉर्म रॅक लागेल. परंतु या वर्णनात बसणारे रॅकही सगळे आपल्या गाडीवर चालतीलच असे नाही, आणि ते ठरवणारी गोष्ट रॅकच्या माहितीपत्रकात नसून आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला आहे. गेली अनेक वर्षे मी रॅक आणि हिच बसवण्याचे काम करतो आहे. पिकअपवाल्यांनी परत आणलेल्या रॅकांपैकी बहुतेक रॅक वजन पेलत नव्हते म्हणून परत आलेले नव्हते. ते फाळक्याला अडत होते म्हणून परत आले होते.

मोटारीचे मागचे दार वर उघडते, पिकअपचा फाळका खाली पडतो आणि पडल्यावर तो बंपरच्याही मागे जवळजवळ अर्धा मीटर येतो. नेमक्या त्याच जागेत रॅकचा उभा खांब किंवा सगळ्यात आतल्या सायकलीचे हँडल असते. म्हणून खरेदीपूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करून, फाळका पूर्ण उघडून, टेप घेऊन तीन मापे घ्यावीत. पहिले माप रिसीव्हरच्या पिनच्या (दांडा नळीत अडकवणाऱ्या आडव्या खिळीच्या) छिद्रापासून फाळक्याच्या टोकाखाली येणाऱ्या बिंदूपर्यंतचे आडवे अंतर. फाळक्याच्या टोकापासून ओळंबा सोडला तर हे अचूक निघते. दुसरे माप रिसीव्हरच्या वरच्या कडेपासून पडलेल्या फाळक्याच्या खालच्या बाजूपर्यंतचे उभे अंतर. तिसरे रिसीव्हरची जमिनीपासूनची उंची. छिद्रापासूनच मोजायचे, नळीच्या तोंडापासून नाही, कारण रॅक पुढेमागे कुठे बसणार हे पिन ठरवते. काही गाड्यांत नळीचे तोंड बंपरच्या बरेच आत असते आणि मग दांडा आखूड पडून रॅकचे सांधे बंपरलाच टेकतात.

ही मापे हातात आली की रॅकच्या तीन अवस्था वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. रिकामा रॅक उभा दुमडून ठेवलेला असताना फाळका बहुधा उघडतच नाही. फारच थोडे रॅक इतके मागे असतात. रिकामा रॅक आडवा पसरलेला असताना फाळका त्याच्या वरून पुढे येतो, मात्र मधला खांब खाली पाडता येणारा हवा. सायकली चढवलेल्या असताना मात्र रॅक मागे झुकवल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि खरी फसवणूक इथेच होते. जाहिरातीतल्या छायाचित्रात रॅक झुकलेला दिसतो, मागचे दार उघडलेले दिसते, पण ती गाडी मोटार असते. पिकअपवर रॅक झुकल्यानंतरही आतल्या सायकलीचे हँडल किंवा आसन फाळक्याच्या वाटेत राहू शकते; विशेषतः उंच आणि रुंद हँडलाच्या माउंटन बाइकचे. म्हणून शक्य असेल तर दुकानात रॅक गाडीला लावून, आपलीच सायकल आतल्या जागी ठेवून, फाळका हाताने धरून हळूहळू खाली सोडून पाहावा. दुकानदाराने त्याला नकार दिला तर मी तरी तिथून रॅक घेणार नाही.

झुकवण्याची कळ कुठे आहे, हेही पाहावे. ती खांबाच्या बुडाशी, म्हणजे गाडी आणि सायकली यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असेल, तर पन्नास-साठ किलोच्या सायकली एका हाताने सांभाळत दुसरा हात आत घालावा लागतो. रॅकच्या बाहेरच्या टोकापर्यंत आणलेली लांब कळ किंवा पायाने दाबायचा खटका असलेला रॅक थोडा जड असतो, पण ई-बाइक असेल तर त्याला पर्याय नाही.

एका बाजूला दारासारखे फिरणारे रॅकही मिळतात. त्यांनी फाळक्याची अडचण पूर्ण सुटते आणि सायकली झुकवाव्या लागत नाहीत, म्हणून सतत मुक्कामाच्या प्रवासाला जाणाऱ्यांना ते आवडतात. मात्र फिरत्या सांध्याचे स्वतःचे वजन बरेच असते, त्याच्या लांबीमुळे सायकली आणखी मागे ढकलल्या जातात, आणि उतारावर गाडी तिरकी उभी असेल तर भरलेला रॅक आपल्या वजनाने सुटून फिरतो. एका गिऱ्हाइकाच्या नडगीवर त्याची खूण अजून आहे. फिरवल्यावर अडकून राहणारा खटका नसलेला असा रॅक घेऊ नये.

आणखी एक सावधगिरी. किल्लीच्या बटणाने आपोआप पडणारा फाळका असेल तर रॅक लावलेला असताना ते बटण बंद करून ठेवावे. आणि फाळक्यातच दुसरा छोटा फाळका असलेल्या नव्या पद्धतीच्या गाड्यांत आतला भाग नेमका हिचच्या दांड्यावर आदळू शकतो, त्याची सूचना गाडीच्या पुस्तिकेत शोधावी.

आता वजनाचा विषय, ज्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. रिसीव्हर सव्वा इंची, दोन इंची आणि जड गाड्यांवर अडीच इंची असे असतात. हिचचे वर्ग ताकदीप्रमाणे चढते असतात. सव्वा इंची हिच पहिल्या व दुसऱ्या वर्गातले, त्यांना ट्रेलरच्या जिभेचा भार, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर खाली दाबतो तो भार, सुमारे ९० ते १६० किलोपर्यंत चालतो. पिकअपवर साधारणपणे तिसऱ्या वर्गाचा किंवा त्याहून जड दोन इंची हिच असतो आणि त्याची परवानगी २२५ किलो किंवा अधिक असते. हा आकडा हिचवरच्या पट्टीवर छापलेला असतो. तो वाचून माणूस म्हणतो की दोन सायकली आणि रॅक मिळून शंभर किलोही होत नाहीत, मग चिंता कसली. इथे तरफ विसरली जाते.

ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा पिनपासून फार तर वीस-बावीस सेंटीमीटर मागे असतो. म्हणजे २२५ किलोचा भार गुणिले ०.२२ मीटर, असा साधारण ५० किलो-मीटरचा पीळ त्या चौकोनी नळीवर येतो. आता रॅक घ्या. २७ किलोच्या रॅकचा गुरुत्वमध्य पिनपासून अर्धा मीटर मागे धरला तर १३.५; २८ किलोची आतली सायकल अर्ध्या मीटरवर, तिचे १४; तेवढ्याच वजनाची बाहेरची सायकल ०.८ मीटरवर, तिचे २२.४. बेरीज पुन्हा ५० च्या जवळच येते. एकूण वजन मात्र केवळ ८३ किलो. म्हणजे दोन ई-बाइक नळीला खालच्या दिशेने जवळजवळ तेवढेच पिळतात जेवढे २२५ किलोची ट्रेलरची जीभ पिळते. हिच ट्रेलरच्या कित्येक क्विंटल ओढीसाठीही बांधलेला असतो, त्यामुळे तो या हिशोबाने लगेच मोडणार नाही. पण हाच हिशोब चार सायकलींच्या रॅकला लावला तर आकडा कुठल्या कुठे जातो, कारण चौथी सायकल सव्वा मीटरच्याही मागे जाते आणि रॅकही जड होतो. म्हणून 'पुढे लागलीच तर' या विचाराने चार सायकलींचा रॅक घेऊन त्यावर दोनच सायकली नेण्याचा बेत मला पसंत नाही. दोन सायकलींचा रॅक घ्यावा, आणि पुढे जोडभाग लावून तिसरीची सोय होते का एवढे पाहावे. जोडभाग लावल्यावर प्रत्येक सायकलीची मर्यादा कमी होते का, हेही पुस्तिकेत वाचावे, बहुधा होते.

या पिळात पिकअपचा स्वतःचा एक दोष भर घालतो. हौद्यात टनभर माल सोसता यावा म्हणून तिचे मागचे पाटे कडक असतात, त्यामुळे हौदा रिकामा असताना मागची बाजू प्रत्येक खड्ड्यावर उसळते. मागच्या चाकाच्या आसाच्याही पाठीमागे दीड-दोन मीटरवर लटकलेल्या रॅकला तो झटका वाढूनच मिळतो. वजनाची मर्यादा ठरवताना रस्ता गुळगुळीत गृहीत धरलेला असतो. काही उत्पादक कच्च्या रस्त्यासाठी प्रत्येक सायकलीची मर्यादा वेगळी आणि कमी देतात, आणि ट्रेलरच्या किंवा फिरत्या घराच्या मागे रॅक लावायला अनेक जण साफ मनाई करतात. आपले जाणे कच्च्या वाटांवर असेल तर वाचायचा आकडा तो. हौद्यातले जड सामान पुढे केबिनला लावून न ठेवता मागच्या आसावर येईल असे ठेवले तर उसळी बरीच कमी होते, आणि चाकांत हवा विनाकारण जास्त ठेवली नाही तर आणखी कमी.

सायकल धरायची कशी, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. फ्रेमच्या आडव्या दांड्याला टांगणारा रॅक हलका असतो, घरात कमी जागा व्यापतो आणि साध्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सायकलींसाठी वाईट नाही. पण त्याची मर्यादा बहुधा प्रत्येक सायकलीला १६ किलोच्या आसपास असते, खालच्या दांड्याच्या सायकलीला वेगळा जोडदांडा लावावा लागतो, आणि सायकली एकमेकींवर घासतात. कार्बनच्या फ्रेमला तर चिमट्यात धरूच नये. ई-बाइकच्या जाड, बॅटरी पोटात असलेल्या दांड्यावर टांगायच्या रॅकचे पाळणे (फ्रेमचा दांडा ज्यात टेकतो ते आधार) बसतही नाहीत. प्लॅटफॉर्म रॅकमध्ये दोन्ही चाके ट्रेवर उभी राहतात. त्यातही दोन जाती आहेत: एकात खांबावरचा चिमटा फ्रेमला धरतो, दुसऱ्यात दात्यांवर सरकणारा आकडा (हूक) पुढच्या चाकावर, ते चाक धरणाऱ्या काट्याच्या (फोर्कच्या) अगदी जवळ येऊन दाबतो आणि मागच्या चाकाला पट्टा बसतो. दुसरी जात घ्यावी. फ्रेमला कुठेच स्पर्श नसल्यामुळे रंग खरवडत नाही, कार्बनची भीती नाही आणि वेगवेगळ्या आकारांच्या सायकली अदलाबदल करून ठेवता येतात. पुढच्या चाकाला पूर्ण मडगार्ड असेल तर मात्र आकडा त्याच्यावर बसून ते वाकवतो. अशा सायकलीसाठी चाकाच्या दोन्ही अंगांनी कवळणारे हात असलेला रॅक शोधावा.

ट्रेची रुंदी आणि लांबी खरेदीपूर्वीच जुळवून घ्यावी. चार-पाच इंची जाड टायरला रुंद ट्रे आणि लांब पट्टा लागतो, तो पुष्कळदा वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि मोठ्या चाकांच्या आधुनिक माउंटन बाइकच्या दोन्ही आसांमधले अंतर सव्वा मीटरच्या पलीकडे जाते, तेव्हा रॅकची कमाल मर्यादा त्याहून जास्त आहे ना, ते टेपने पाहावे. पुढच्या चाकावर सायकली जवळजवळ उभ्या टांगणारे रॅकही आहेत. चार-सहा सायकलींच्या टोळीसाठी ते उत्तम, पण पिकअपच्या उंचीवर २८ किलोची ई-बाइक छातीपर्यंत उचलणे दोघांचे काम आहे. आपल्यासाठी ते नकोत.

उंचीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, की मोठ्या चाकांच्या पिकअपचा रिसीव्हर जमिनीपासून साठ सेंटीमीटर किंवा अधिक उंच असू शकतो आणि ट्रे त्याच्याही वर येतो. ट्रेला जोडून जमिनीवर टेकवायची पन्हळ मिळते. ई-बाइक तिच्यावरून ढकलत चढवावी. बॅटरी आधी काढून केबिनमध्ये ठेवावी. तीन-चार किलो कमी होतात, पावसाचे पाणी संपर्कपट्ट्यांत शिरत नाही, आणि झटक्याने बॅटरी निसटून रस्त्यावर पडण्याचा धोका राहत नाही.

रॅक डुगडुगणे ही तक्रार फार येते आणि तिचे कारण बहुधा क्षुल्लक असते. रिसीव्हरच्या नळीत दांडा सहज सरकावा म्हणून थोडी फट ठेवलेली असते. पिनजवळची एक-दोन मिलिमीटरची ढिलाई रॅकच्या टोकाला बोटभर होते. दोन इंची रिसीव्हरला १६ मिलिमीटरची पिन लागते. नुसती आरपार जाणारी गुळगुळीत पिन दांडा निसटू देत नाही, पण हलणे थांबवत नाही. आतून पाचर फुगवून दांडा नळीच्या कोपऱ्यात दाबणारी रचना सगळ्यात चांगली. आटे असलेला बोल्ट दांड्याला एका बाजूला खेचून धरतो, तोही चालतो. अडीच इंची रिसीव्हरमध्ये नळी घालून दोन इंची दांडा बसवला की ढिलाई दोन ठिकाणी होते, हे लक्षात असू द्यावे. दांडा बसवण्याआधी नळीतला गंज तारेच्या ब्रशने काढून ग्रीसचा पातळ हात फिरवावा, नाहीतर पाऊसकाळ संपल्यावर तो हातोड्याशिवाय निघत नाही.

यातूनच आपल्या जुन्या रॅकचे उत्तर निघते. सव्वा इंची दांड्याला दोन इंची करणारी नळी मिळते आणि साध्या सायकलींसाठी ती वापरायला हरकत नाही; परंतु नळीने दांडा जाड होत नाही, फक्त बाहेरचा आकार जुळतो. त्या रॅकची मर्यादा जी होती तीच राहते, आणि ती २८ किलोच्या सायकलीसाठी नव्हती. फाळका मोकळा व्हावा म्हणून रॅक मागे नेणारा वाढीव दांडा लावण्याचाही मोह होतो. त्यातल्या बहुतेकांवर हिचची क्षमता निम्मी धरा असे लिहिलेले असते, आणि वरचा पिळाचा हिशोब पाहिल्यावर ते का, हे वेगळे सांगायला नको. दोन ई-बाइकसाठी वाढीव दांडा वापरू नये. ज्या रॅकचा स्वतःचाच दांडा लांब आहे असा रॅक घ्यावा, कारण त्याची मर्यादा ती लांबी धरूनच ठरवलेली असते.

सायलेन्सरचे तोंड कुठे आहे, हे बहुतेक जण रॅक घेतल्यानंतर पाहतात. ते सरळ मागे उघडत असेल आणि सायकलीचे चाक त्याच्या झोतात येत असेल तर तासाभराच्या चढावर टायर जळतो. कार्बनची रिम असेल तर नुकसान त्याहून मोठे. माझ्याकडे एकदा असे चाक आले होते, ज्याच्या टायरला वितळून हाताएवढे भोक पडले होते आणि मालकाला वाटत होते की ब्रेक घासला. सायकलीची दिशा उलटी करून, जागा बदलून किंवा सायलेन्सरच्या तोंडाला खाली वळणारे टोपण बसवून हे टळते. नंबर प्लेट आणि मागचे दिवे रॅकने किंवा सायकलींनी झाकले जात असतील तर दिव्यांची जोडपट्टी लावावी लागते. कायदा देशोदेशी वेगळा असला तरी मागच्या गाडीला आपला ब्रेक दिसणे सगळीकडेच गरजेचे आहे. मागे घेताना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेल्या गाडीला रॅक म्हणजे अडथळा वाटतो आणि ती अंगणातून बाहेर पडतानाच जागच्या जागी थांबते. तेवढी सोय मेनूतून बंद करावी, आणि गाडीची लांबी मीटरभर वाढली आहे हे स्वतः लक्षात ठेवावे.

मित्राच्या गादीबद्दल. आखूड हौद्यात सायकल पूर्ण आडवी मावत नाही, म्हणून पुढचे चाक फाळक्यावरून बाहेर टाकायची ही युक्ती निघाली, आणि ती चांगली आहे: गादी हलकी आहे, पाच-सहा सायकली एका वेळी जातात, हिच मोकळा राहून ट्रेलरही ओढता येतो. डोंगरवाटेच्या पायथ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांसाठी मी स्वतः तीच वापरतो. पण आपल्या अटीत ती बसत नाही. सायकली लटकलेल्या असताना फाळका उघडता येत नाही, हौद्याचा मागचा भाग सायकलींच्या मागच्या चाकांनी भरतो, मागचा कॅमेरा पुष्कळदा झाकला जातो, आणि सायकलीचा खालचा दांडा धुळीने भरलेल्या कापडावर तासन्‌तास घासत राहिला की रंगाखालचा धातू दिसू लागतो. जड ई-बाइक तिथपर्यंत उचलावी लागते, हा भाग आणखी वेगळा.

रॅक आल्यावर पहिल्यांदा जड सायकल आतल्या जागी, गाडीच्या बाजूला ठेवावी आणि हलकी बाहेर. वरच्या हिशोबात बाहेरच्या सायकलीचा वाटा किती मोठा होता ते आपण पाहिलेच. दोन्ही हँडले एकमेकींत अडकू नयेत म्हणून सायकलींची तोंडे उलटसुलट करावीत. रॅकच्या टोकाला धरून जोरात हलवावे. त्याबरोबर गाडी डोलली पाहिजे, रॅक एकटा हलता कामा नये. पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा थांबून पाचर, पिनची क्लिप आणि चाकांवरचे आकडे पुन्हा आवळावेत, कारण टायर ट्रेमध्ये थोडा बसतो आणि पहिल्या प्रवासात आकडा एक-दोन दाते ढिला पडलेला हमखास सापडतो.